जुनी अवंती घेणाऱ्याला वेडा म्हणू नका

मंडळी, या वीकेंडला थोडं भांडायचं आहे. कुणाशी, तर आमच्या टीममधल्या, सोसायटीतल्या आणि नात्यातल्या तमाम व्यवहारी माणसांशी. "मी एक जुनी डीसी अवंती बघतोय" एवढं म्हटलं की ही मंडळी आधी हसतात, मग मोबाईल काढून फोटो बघतात, आणि मग डॉक्टरने रिपोर्ट बघावा तसा चेहरा करून विचारतात, "अरे, पण रिसेल काय?"

रिसेल म्हणे!

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दिलीप छाब्रियांच्या डीसी डिझाईनने २०१२ च्या दिल्लीतल्या ऑटो एक्स्पोमध्ये अवंती दाखवली. प्रत्यक्ष विक्री २०१५ च्या सुमाराला सुरू झाली, एक्स-शोरूम किंमत ३६ लाखांच्या आसपास. दोन सीट, सहा गिअर, मॅन्युअल. इंजिन रेनॉचं, दोन लिटर टर्बो पेट्रोल, २५० पीएस आणि ३४० न्यूटन-मीटर. आणि हे इंजिन बॉनेटखाली नाही. ते तुमच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या जरा पुढे बसवलेलं आहे. म्हणजे मिड-इंजिन. आणि ही गाडी बनली कुठे? इटलीत नाही, जर्मनीत नाही, तर तळेगावात. आमच्या निगडीच्या भक्ती-शक्ती चौकातून जुन्या हायवेने सरळ निघालात तर पंधरा-सोळा किलोमीटरवर. ज्या गावाला आम्ही आजवर फक्त "लोणावळ्याला जाताना लागतं" म्हणून ओळखतो, तिथे भारतातली पहिली विक्रीला आलेली मिड-इंजिन स्पोर्ट्स कार बनत होती. आता ती बनत नाही. उरल्या आहेत त्या सेकंडहँड.

(एखादा चिकित्सक वाचक इथे हात वर करेल की मारुती ओम्नीचं इंजिनसुद्धा पुढच्या सीटखाली होतं आणि ताकद मागच्या चाकांना जायची, मग तीच पहिली मिड-इंजिन गाडी नाही का? मान्य. १९८४ पासून २०१९ पर्यंत आपण शाळेच्या पोरांची ने-आण मिड-इंजिन, रिअर-व्हील-ड्राइव्ह गाडीतून केली. पण तिला स्पोर्ट्स कार म्हणण्याचं धाडस माझ्यात नाही.)

तर आता रिसेल. मला सांगितलेला भाव सोळा लाख आहे, घासाघीस व्हायची आहे. म्हणजे वीस लाखांचा घसारा आधीच कुणीतरी सोसून झालेला आहे. त्या अनामिक दानशूराला माझा नमस्कार. जे लोक मला रिसेल विचारतात, त्यांनी गेल्या दिवाळीत नवी एसयूव्ही काढली. पांढरी. पांढरीच का, तर "रिसेलला बरी." म्हणजे गाडी घेताना हा माणूस ती कशी चालेल याचा विचार करत नव्हता, तिला विकायच्या दिवसाचा विचार करत होता. लग्नाच्या बोहल्यावर उभं राहून घटस्फोटाचा खर्च मोजण्यासारखं आहे हे.

हिशोबच करायचा तर करू, आपण सगळे एक्सेल कोळून प्यायलेले लोक आहोत. सोळा लाखांचं कर्ज, सात वर्षं, नऊ टक्के. हप्ता येतो पंचवीस हजार सातशेच्या वर. सात वर्षांत व्याजच साडेपाच लाखांपेक्षा जास्त जातं, आणि त्याच काळात गाडीची किंमत निम्म्याच्या खाली येते. मी सोळा लाख रोख देणार आहे, कारण असल्या जुन्या आणि बंद पडलेल्या मॉडेलवर कर्ज द्यायला बँका तयार होत नाहीत. एफडीचं व्याज बुडेल, ठाऊक आहे मला. रावेतमधल्या टू बीएचकेचं डाऊन पेमेंट दोन-अडीच वर्षं पुढे जाईल, तेही ठाऊक आहे. आणि बायोडेटामध्ये "स्वतःचा फ्लॅट" या रकान्यात अजून काही दिवस काहीच लिहिता येणार नाही, ज्याचं दुःख आईला माझ्यापेक्षा जास्त आहे. ही किंमत खरी आहे, ती मी लपवत नाही. पण मग समोरच्यानेही त्याची किंमत लपवू नये.

"अरे पण नवी गाडी रोज वापरता येते!" हा पुढचा बाण. कोण वापरतं रोज? मी हिंजवडीला कंपनीच्या बसने जातो. हे लोकही त्याच बसने जातात, माझ्या शेजारच्या सीटवर झोपतात. वाकडच्या पुलाखाली स्वतःची गाडी घेऊन अडकायची हौस पहिल्या महिन्यातच फिटते. त्यांची एसयूव्ही सोमवार ते शुक्रवार पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी असते आणि वॉचमनला महिन्याचे पाचशे देऊन पुसून घेतली जाते. शनिवारी डीमार्ट, रविवारी सासुरवाडी. माझीही पाच दिवस उभीच राहील. दोघांच्याही गाड्या वीकेंडच्या. फरक इतकाच की त्यांनी पाच माणसांची जागा घेतली आणि त्यात एकटे बसून फिरतात, मी दोघांचीच घेणार आणि एकटा बसून फिरणार.

आता खरा मुद्दा. इंजिन मागे असल्याने काय होतं? आमच्यातले बी.ई. मेकॅनिकल होऊन जावा शिकलेले कितीतरी जण हे विसरलेत, म्हणून एक प्रयोग सांगतो. ऑफिसची फिरती खुर्ची घ्या. दोन्ही हातांत भरलेली लॅपटॉप बॅग धरा आणि हात लांब करून मित्राला खुर्ची फिरवायला सांगा. फिरायला जड जाते. फिरायला लागली की थांबायलाही तितकीच जड. आता त्याच दोन बॅगा छातीशी कवटाळा. खुर्ची चटकन फिरते, चटकन थांबते. वजन तेवढंच, पण ते मधोमध आलं. बस्स, मिड-इंजिन गाडी म्हणजे एवढंच. गाडीतली सर्वांत जड वस्तू नाकाच्या टोकावरून उचलून मध्यावर आणायची. मग गाडी वळणात स्टिअरिंगला लगेच ऐकते, आणि मागच्या चाकांवर वजन असल्याने वळणातून बाहेर पडताना ती चाकं जमीन धरून ठेवतात.

याची दुसरी बाजूही आहे. जी गोष्ट चटकन वळते, ती ताबा सुटला की चटकन गरगरतेही. टोयोटाची दुसऱ्या पिढीची एमआर-टू, १९८९ नंतरची, याबाबतीत बदनाम होती. वळणात घाबरून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की मागचा भाग पुढे यायला बघायचा. तेव्हा ही गाडी पावसाळ्यात लोणावळ्याला रील काढायला नेण्यासाठी नाही. पण या गुणाचा आनंद घ्यायला दीडशेचा वेग लागत नाही. कामशेतवरून पवनानगरच्या रस्त्याला सकाळी साडेपाचला जा, चाळीस-पन्नासच्या वेगात, एकेक वळण. तिथे २५० पीएसमधले शंभरसुद्धा लागत नाहीत. "एवढी पॉवर कुठे वापरणार?" विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, तुझ्या एसयूव्हीला सनरूफ आहे, तू त्यातून कधी सूर्य बघितलास?

आता जाणकारांचा गट. हे व्यवहारी लोकांपेक्षा जास्त त्रासदायक. यांना गाड्यांमधलं कळतं, आणि म्हणून ते म्हणतात, "अवंती खरी स्पोर्ट्स कार नाही." मग यादी सुरू होते. पॅनेलमधली फट एकसारखी नाही. आतलं प्लास्टिक स्वस्त. मागचं काही दिसत नाही. पंधराशे किलोच्या वर वजन. डिझाईन भडक. बरं, या यादीतलं बरंचसं खरं आहे. मी पाहिलेल्या गाडीच्या दाराची फट वर करंगळीएवढी आणि खाली अंगठ्याएवढी होती. पण राव, हे बोलतंय कोण? आपण. ज्यांचं अर्धं करिअर दुसऱ्याच्या प्रॉडक्टमधले बग बंद करण्यात गेलं. एखाद्या छोट्या कंपनीने चासी स्वतः केली, बॉडी स्वतः केली, इंजिन बाहेरून आणलं, सगळं जोडून रस्त्यावर चालवण्याची परवानगी मिळवली आणि गाडी गिऱ्हाईकाच्या हातात दिली. व्हर्जन वन होतं ते! व्हर्जन वनमध्ये बग असतात. लोटस काय, टीव्हीआर काय, इंग्लंडमधल्या शेडमध्ये बनलेल्या गाड्यांच्या गळणाऱ्या छपरांच्या गोष्टी हेच जाणकार डोळ्यांत पाणी आणून सांगतात. तिथे ते "कॅरेक्टर" असतं. तळेगावात बनली की "फिटिंग बेकार".

"मग त्यापेक्षा एखादी खरी जुनी गाडी घे ना," असंही सुचवतात. कुठली घेऊ? माझा आतेभाऊ इंग्लंडमध्ये स्लाऊला असतो, माझ्याच वयाचा, माझ्यासारखंच काम. तिथे जुनी एमआर-टू किंवा पहिल्या पिढीची पोर्शे बॉक्स्टर त्याला दोन-तीन महिन्यांच्या पगारात मिळू शकते. शनिवारी जाऊन बघायची, रविवारी चालवत घरी आणायची. मला ती का मिळत नाही? कारण आपला कायदा. परदेशातून वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं, आणि यायची ती मुंबई बंदरातूनच. वर शंभर टक्क्यांहून जास्त कर. एमआर-टू १९८४ ला आली आणि २००७ ला बंद झाली. म्हणजे आज ती कुठल्याही वाटेने माझ्या दारात येऊ शकत नाही.

या नियमामागचं कारण मला समजतं. श्रीमंत देशांचं भंगार आपल्याकडे ओतलं जाऊ नये, इथल्या कारखान्यांचं काम जाऊ नये. माझ्या घरात टेल्कोचा पगार खाल्लेला आहे, मला कोणी हे शिकवायची गरज नाही. पण त्याचा परिणाम बघा. तीन वर्षं जुनी फेरारी आणायला कायद्याची हरकत नाही, वीस वर्षं जुनी टोयोटा आणायला आहे. म्हणजे बंदी भंगारावर नाही, बंदी कमी पैसेवाल्यावर आहे. केनियासारखा देश आठ वर्षांपर्यंतच्या जुन्या गाड्या येऊ देतो. आपण वर्षाला ठराविक, मोजक्या, छंदाच्या जुन्या गाड्यांना, कडक तपासणी करून, परवानगी दिली तर चाकणमधली एक तरी लाईन बंद पडेल का? बॉक्स्टर तर भारतात अधिकृत आलेली आहे, जुन्या मिळतातही. पण पंधरा वर्षं झाली की फेरनोंदणीची फी बघा. एप्रिल २०२२ पासून साध्या गाडीला पाच हजार, आयात केलेलीला चाळीस हजार. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी हे दहा हजार आणि ऐंशी हजार झालं. आणि गंमत अशी की पोर्शेचं घर आणि आमच्या चाकणला गाड्या बनवणाऱ्या फोक्सवॅगनचं घर एकच!

पण सरकारला नुसत्या शिव्या देऊन भागत नाही. आपल्या कंपन्यांचं काय? २०१७ च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये टाटा मोटर्सने टॅमो रेसमो नावाची छोटी दोन सीटची गाडी दाखवली होती, आठवतंय का कुणाला? मिड-इंजिन. १.२ लिटर टर्बो, १९० पीएस, शंभरचा वेग सहा सेकंदांच्या आत. हे वाचून त्या रात्री मी आणि माझा रूममेट झोपलो नव्हतो. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो आणि नोकरी लागली की हीच घ्यायची असं ठरलं होतं. पुढच्याच वर्षी २०१८ च्या ऑटो एक्स्पोमध्ये तिचं इलेक्ट्रिक रूपही ठेवलं, आणि मग सगळं गुंडाळलं. ही गाडी आज चालवायची असेल तर फोर्झा होरायझन थ्री या व्हिडिओ गेममध्ये ती आहे. म्हणजे पिंपरीपासून रांजणगावपर्यंत ज्या कंपनीचे कारखाने आहेत, तिची एकमेव मिड-इंजिन स्पोर्ट्स कार एक्सबॉक्सवर.

धंद्याचं गणित जमलं नसेल, नक्कीच. पण ते गणित कुणी बिघडवलं? आपणच. त्या वर्षी आम्हा सगळ्यांचे मोठे भाऊ, मामा, मॅनेजर काय घेत होते? उंच, पांढरी, डिझेल. तळेगावपासून चाकण, भोसरी, रांजणगावपर्यंतच्या या पट्ट्यात गाडीचा असा एक पार्ट नाही जो बनत नाही. आकुर्डीत आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर फोर्सचा कारखाना आहे, आणि ती कंपनी मर्सिडीजची इंजिनं जोडून देते. इथल्या घराघरांत क्रँकशाफ्ट म्हणजे काय ते सांगणारा एक तरी काका असतो. आणि इथल्या माणसाला गाडीतलं सर्वांत जास्त काय कळतं? तर मायलेज आणि रिसेल. आचाऱ्यांच्या गावात सगळ्यांनी मॅगी खावी, तसं.

सर्वांत वजनदार आक्षेप बाबांचा आहे, त्यामुळे त्यावर मी हसत नाही. बाबा टेल्कोत पेंट शॉपला एकतीस वर्षं होते. त्यांना गाडीच्या रंगाशी, आकाराशी, मिड-इंजिनशी काही भांडण नाही. फोटो बघून म्हणाले, "बरी आहे." मग एकच प्रश्न. "पार्ट कुठून आणणार?"

याला उत्तर द्यायला मला तीन आठवडे लागले. इंजिन हे या गाडीतलं सर्वांत कमी काळजीचं प्रकरण आहे, कारण ते डीसीचं नाहीच, रेनॉचं आहे. रेनॉने भारतात विकलेल्या डस्टर-क्विडमध्ये हे इंजिन नव्हतं, त्यामुळे शोरूममध्ये जाऊन गॅस्केट मागून मिळणार नाही. पण युरोपात मेगान आरएसमध्ये याच घराण्याचं इंजिन वर्षानुवर्षं होतं, पार्ट तिकडून मागवता येतात. महाग पडतात, वेळ लागतो, पण मिळतात. बॉडीचं उलट. ती पत्र्याची नाही, कंपोझिटची आहे, आणि तिचा बंपर जगात कुठेही विकत मिळत नाही. मिळत नाही म्हणजे बनवावा लागतो. आणि साच्यावर फायबरचं काम करणारी माणसं भोसरीत नसतील तर कुठे असतील? काचेचं मात्र मला अजून पूर्ण समाधानकारक उत्तर सापडलेलं नाही. पुढची काच फुटली तर गाडी किती महिने उभी राहील सांगता येत नाही. बाबांना तसंच सांगितलं. ते म्हणाले, "मग ट्रकच्या मागे चालवू नकोस." याला मी परवानगी समजतो.

राहता राहिलं कागदपत्रांचं, आणि इथे मात्र व्यवहारी मंडळींनी हसावं तितकं कमी. ते रिसेलचं विचारत बसतात, विचारायला हवं ते कोणीच विचारत नाही. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी छाब्रियांना अटक केली होती. आरोप असे की याच गाड्यांवर वित्तसंस्थांकडून एकाहून जास्त कर्जं उचलली गेली आणि एकाच चेसिस नंबरची वेगवेगळ्या राज्यांत नोंदणी झाली. (हा तपास करणाऱ्या पथकाचे प्रमुख होते सचिन वाझे, ज्यांना तीनच महिन्यांनी, मार्च २०२१ मध्ये, वेगळ्याच प्रकरणात एनआयएने अटक केली. आपल्याकडे वेबसिरीज लिहिणाऱ्यांना फार कष्ट पडत नाहीत.) आरोप खरे की खोटे ते ठरवणं कोर्टाचं काम. पण सेकंडहँड अवंती घेणाऱ्याने त्यातून घ्यायचा तो बोध घ्यावा. गाडी कितीही चकाचक असो, आधी चेसिस नंबर.

म्हणून कुणी या वाटेला जाणार असेल तर सांगतो. आरसीवरचा नंबर वाहन पोर्टलवर टाकून बघा, कर्जाच्या रकान्यात कुणाचं नाव आहे का. मग खाली वाका, आणि चासीवर ठोकलेल्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या. आरटीओवाले घेतात तशी. आरसीवरचा, विम्यावरचा आणि छापेतला, तिन्ही अक्षर-अंकांसकट जुळले पाहिजेत. कर्ज होतं आणि फिटलं असं मालक म्हणत असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हवा, तोंडी शब्द चालत नाही. गाडी परराज्यातली असेल तर फॉर्म २८ वर तिथल्या आरटीओची एनओसी. आणि मग २९ आणि ३०, ट्रान्सफरचे. आधी पैसे आणि मग कागद म्हणणारा मालक भेटला तर त्याचा चहा प्यावा आणि घरी यावं.

मी बघतोय त्या गाडीची छाप बाबांनी स्वतः घेतली. गुडघे दुखतात तरी पार्किंगच्या फरशीवर पालथे झाले आणि बॅटरी माझ्या हातात दिली. सतराच्या सतरा आकडे जुळले. पण पोर्टलवर अजून एका वित्तसंस्थेचं नाव दिसतंय. मालक म्हणतात कर्ज तीन वर्षांपूर्वीच फिटलं, कागद गावच्या घरी आहेत, पुढच्या आठवड्यात आणतो. फॉर्म ३५ माझ्या हातात पडेपर्यंत माझ्याकडून एक रुपया टोकन जाणार नाही, हे त्यांना सांगून झालंय. तोपर्यंत एमएच-१४ ची ती निळी अवंती त्यांच्या पार्किंगमध्ये, एका पांढऱ्या एसयूव्हीच्या शेजारी उभी आहे.